भिंतीला लेखक नसतो

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे पुस्तकापासून सुरू होते आणि पुस्तकापाशीच थांबते. कोणत्या पुस्तकावर बंदी आली, कोणत्या नाटकाचा प्रयोग उधळला गेला, कोणत्या कवीवर खटला भरला गेला. साहित्यिकांनी ही चर्चा करावी हे स्वाभाविकच आहे. पण मोहल्ल्यातला सामान्य माणूस वर्षाकाठी एकही पुस्तक विकत घेत नाही. 'आक्षेपार्ह मजकूर' त्याला पुस्तकात भेटत नाही, भिंतीवर भेटतो. एस. टी. स्टँडच्या मुतारीत, रेल्वेच्या डब्यातल्या संडासाच्या दारावर, कब्रस्तानच्या कंपाउंडवर, उड्डाणपुलाच्या खांबावर, वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. तिथे तो स्वतःविषयी दोन-तीन शब्द वाचतो आणि मान खाली घालून पुढे जातो. संध्याकाळी परतताना तेच शब्द पुन्हा वाचतो. या दोन-तीन शब्दांकडे समीक्षक वळत नाही. शिवीची कसली समीक्षा करायची, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मजकुराचा वाचकवर्ग कोणत्याही दिवाळी अंकापेक्षा मोठा आहे, त्याला टाळून स्वातंत्र्याच्या मर्यादांची चर्चा करणे ही एक प्रकारची चैनच आहे.

मजकूर म्हणून पाहिले तर हे लेखन अतिशय दरिद्री आहे. शब्दसंपदा मोजकी. 'लांड्या', 'मिनी पाकिस्तान', आणि कुठेतरी चालते होण्याचा हुकूम. यातला पहिला शब्द जुन्या मराठीतला बिनविषारी शब्द आहे. शेपूट तुटलेल्या बैलाला, कुत्र्याला खेड्यात आजही लांडा म्हणतात. तो माणसाला लावला गेला, सुंतेची टवाळी त्यात आली, आणि जनावराचे वर्णन एका समाजाचे नाव झाले. क्रियापद आले तर ते नेहमी आज्ञार्थी असते. आणि कर्ता? कर्ता नसतोच. पुस्तकातला कडवा लेखकसुद्धा 'माझ्या मते' म्हणतो. सभेतला वक्ता 'आम्ही' म्हणतो. भिंतीवरच्या वाक्यात बोलणारा कोणी नसतो, फक्त ऐकणारा असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की हे कोणा एकाने लिहिलेले नाही, हे गावच बोलते आहे. एका पोराने रात्री दीड वाजता डांबराच्या डब्यात काडी बुडवून लिहिलेल्या शब्दाला अख्ख्या शहराचे वजन प्राप्त होते ते या व्याकरणामुळे.

आणखी एक. पुस्तक आपण उघडतो. नको वाटले तर मिटतो. नाटकाचे तिकीट आपण काढतो. भिंत मात्र आपल्याला उघडावी लागत नाही. शाळेला जाणाऱ्या मुलीला रस्ता बदलल्याशिवाय ती टाळता येत नाही, आणि कित्येकदा दुसरा रस्ता नसतोच. शिवाय पुस्तक कोणाही वाचकासाठी असते. कब्रस्तानच्या भिंतीवरचा मजकूर कोणी वाचायचा हे जागाच सांगते. मतमतांतराच्या बाजारात एक मत मांडावे, असा त्याचा उद्देश नसतो. 'तू इथे राहतोस हे आम्हाला ठाऊक आहे,' एवढेच त्याला कळवायचे असते. मजकुरातून कळवलेला हा पत्ता शिवीपेक्षा अधिक भीतिदायक असतो.

याचा अर्थ भिंती कोऱ्या ठेवाव्यात असा कोणी घेऊ नये. ज्याच्याकडे छापखाना नाही त्याचे वर्तमानपत्र म्हणजे भिंत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गेरूने आणि चुन्याने रंगवलेल्या भिंतींनी जे काम केले ते अग्रलेखांनी केले नसते. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी, म्हणजे आपल्या शाहीर अमर शेखांनी, ज्या मैदानांत डफ वाजवला, त्या मैदानांकडे जाणारा रस्ता माणसांना भिंतींनीच दाखवला. बाहेर पाहायचे तर सिरियात २०११ च्या सुरुवातीला दरआ शहरातल्या शाळकरी पोरांनी शाळेच्या भिंतीवर सत्ताधीशाविरुद्ध चार शब्द लिहिले. पोलिसांनी त्यांना पकडून त्यांचा छळ केला, आणि त्या छळाविरुद्ध माणसे रस्त्यावर आली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्या पोरांनी नाव लिहिले नव्हते, तेव्हा निनावीपणा तोच, असा युक्तिवाद होऊ शकतो. मला तो पटत नाही. दरआच्या पोरांनी नाव लपवले ते तुरुंगाच्या भीतीने, आणि ती भीती किती खरी होती हे लगेच दिसले. वस्तीच्या तोंडाशी शिवी लिहिणाऱ्याला अशी कोणतीच भीती नसते. तो नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की ते एका माणसाचे मत होईल. एक निनावीपणा राजवाड्याकडे तोंड करून उभा आहे, दुसरा शेजाऱ्याच्या दाराकडे.

आता कायदा काय म्हणतो? घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या डाव्या 'क्रॉस रोड्स'च्या बाजूने, दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'च्या बाजूने. दोन्ही टोकांची मते एकाच स्वातंत्र्याच्या छत्राखाली आली. सरकारला हे पेलले नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे निर्बंधाचे कारण घटनेत आले, आणि त्याच दुरुस्तीने निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्दही आला. तेव्हापासून आपण या एका विशेषणाभोवती फिरत आहोत.

भिंतीला दोन कायदे लागू होतात आणि गंमत अशी की दोन्ही तिला नीट ओळखत नाहीत. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. त्याला मजकुराशी देणेघेणे नाही. दहावीच्या क्लासची जाहिरात आणि कब्रस्तानवरची शिवी त्याच्या लेखी सारखीच, दोन्हींमुळे भिंत खराब होते. दुसरा कायदा मजकुराचा. दंडसंहितेचे १५३-अ आणि २९५-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतली १९६ आणि २९९ ही कलमे. त्याला भिंतीशी देणेघेणे नाही, त्याला आरोपी लागतो. तक्रार नोंदली जाते, आरोपीच्या रकान्यात 'अज्ञात इसम' लिहिले जाते, आणि कागद तिथेच थांबतो. तोपर्यंत पंचनामा व्हायचा म्हणून मजकूर पुसायचा नाही. म्हणजे ज्याने त्रास होतो ते पुरावा म्हणून जपून ठेवायचे. या चक्रातून गेलेल्या माणसाला जो वैताग येतो तो समजण्यासारखा आहे. वैतागलेला माणूस मग म्हणतो, कायदा आणखी कडक करा.

इथे मात्र आपल्याला थांबून मागे पाहिले पाहिजे, कारण कायदा कडक करून घेण्याचा प्रयोग आपण एकदा केलेला आहे.

१९२४ च्या सुमारास लाहोरला 'रंगीला रसूल' हे प्रेषितांची कुचेष्टा करणारे पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे खरे नाव नव्हते. प्रकाशक राजपाल यांनी ते अखेरपर्यंत सांगितले नाही. खटला चालला आणि मे १९२७ मध्ये न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी राजपाल यांना सोडले. पुस्तक किळसवाणे असले तरी दिवंगत धर्मसंस्थापकाविषयीचे लेखन तेव्हाच्या १५३-अ कलमात बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशभर निदर्शने झाली. सरकारने त्याच वर्षी नवे कलम आणले, तेच हे २९५-अ. मध्यवर्ती कायदेमंडळातल्या चर्चेत महंमद अली जिनांनी कलमाला पाठिंबा देताना एक इशाराही दिला होता. जे इतिहासाचे काम करतात, सत्य शोधतात, प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करतात, त्यांना संरक्षण मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय होता. कलमात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. ती अट हीच चिकित्सकाची ढाल ठरायला हवी होती. कलम येऊनही रक्त थांबले नाही. एप्रिल १९२९ मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने राजपाल यांचा खून केला आणि ऑक्टोबरअखेर तो फासावर गेला. लिहिणारा तिसराच होता. तो या हिशेबात कुठेच आला नाही.

आपल्या व्यासपीठांवर या इतिहासाचा एवढाच भाग सांगितला जातो. पुढचा सांगितला जात नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौला 'अंगारे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नऊ कथा आणि एक एकांकिका. लेखक चार, सज्जाद जहीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर. चौघेही मुसलमान, चौघेही तरुण, आणि चौघांचीही नावे पुस्तकावर ठळक छापलेली. त्यांनी लिहिले होते ते आपल्याच घरातल्या कोंडमाऱ्याविषयी, पडद्याआडच्या बाईच्या शरीराविषयी, मौलवीच्या ढोंगाविषयी. मशिदींतून निषेध झाला, वर्तमानपत्रे तुटून पडली, आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तक जप्त केले. कोणत्या कलमाखाली? २९५-अ. परक्याच्या कुचेष्टेपासून संरक्षण म्हणून मागून घेतलेले कलम सहा वर्षांच्या आत आपल्याच लेकरांवर चालवले गेले, आणि चालवा म्हणणारेही आपलेच होते. चौघांनी माफी मागितली नाही. महमूदुज्जफर यांनी एप्रिल १९३३ मध्ये 'लीडर'मध्ये निवेदन छापून पुस्तकाची बाजू घेतली आणि प्रगतिशील लेखकांच्या संघटनेची कल्पना मांडली. १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक संघाचे अधिवेशन भरले त्याचे एक मूळ इथे आहे. उर्दू कथा जिथवर पोचली, मंटो आणि इस्मत चुगताई ज्या वाटेने चालले, ती वाट या जप्त पुस्तकाने मोकळी केली होती.

मराठीत हेच चित्र हमीद दलवाईंच्या बाबतीत दिसले. 'इंधन' १९६५ मध्ये आली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या परिसरात त्यांना जो रोष पत्करावा लागला, तो कोणा परक्याच्या भिंतीवरून आलेला नव्हता. त्यांच्या राजकीय विधानांशी आपल्यापैकी अनेकांचे तीव्र मतभेद होते, माझेही आहेत. पण दलवाई नाव घालून लिहीत होते, समोर बसून बोलत होते, आणि २२ मार्च १९७० ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून त्यांनी आपल्या म्हणण्याची जबाबदारीही उचलली. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण 'आमचा आवाज मराठीत ऐका' असे म्हणत आलो आहोत. तो आवाज मागणाऱ्यांना घरातल्या आवाजाचा कान नसावा, ही विसंगती अजून मिटलेली नाही.

सही केलेल्या मजकुराचे काय होते ते पाहू. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची दीर्घ कविता १९८० च्या दशकात 'प्रास'ने भित्तिपत्रक म्हणून छापली. भिंतीवर लावायचीच, पण कवीच्या नावासह. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात पुन्हा छापली गेली आणि खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, छापणाऱ्याने माफी मागितली होती म्हणून तो सुटला, आणि कवीला मात्र खटल्याला सामोरे जायला सांगितले गेले. कविता चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. मला ती कुठे कुठे सैल वाटते. पण एकवीस वर्षे! या एकवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या भिंतींवर जे लिहिले गेले त्यातल्या किती जणांना समन्स निघाले असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा.

अलीकडचे उदाहरण २०२५ चे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांनी जामनगरच्या सामुदायिक विवाहाच्या चित्रफितीला एक नज्म जोडली. जानेवारीत गुजरात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. २८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि ती नज्म अन्यायाला प्रेमाने तोंड द्या असे सांगते, हे पोलिसांना समजावून सांगण्याची वेळ न्यायमूर्तींवर आली. काव्यसमीक्षेचे एवढे अधिकृत उदाहरण विरळाच! या निकालात न्यायालयाने ज्या कसोटीचा आधार घेतला ती मुळात नागपूरची आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले होते की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नव्हे.

ही कसोटी कवितेसाठी मला पूर्ण मान्य आहे. भिंतीला ती जशीच्या तशी लावता येईल का, हा खरा प्रश्न आहे. कब्रस्तानच्या भिंतीवरचा हुकूम वाचून खंबीर माणूस चळत नाही, हे खरे. पण तो खंबीर माणूस घरी जाऊन मुलीला सांगतो, उद्यापासून एकटी जाऊ नकोस. मुंबईत १९९२-९३ ला जे घडले त्याची चौकशी श्रीकृष्ण आयोगाने केली. नऊशे मृत, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. ज्या वस्तीने तो हिवाळा पाहिला, तिच्या तोंडाशी लिहिलेला शब्द आणि मलबार हिलच्या भिंतीवर लिहिलेला तोच शब्द, हे दोन वेगळे मजकूर आहेत. अर्थ शब्दकोशात नसतो, संदर्भात असतो, हे समीक्षेचे पहिले सूत्र इथे उपयोगी पडते.

लेखक नसलेल्या मजकुराचा सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. त्याची शिक्षा कोणालाही देता येते. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरली. त्या माध्यमात सुरुवातीच्या काळात आपल्या पानाला 'वॉल'च म्हणत, तेव्हा ही भिंतच म्हणायची. चित्रे कोणी टाकली हे जमावाला ठाऊक नव्हते. २ जूनच्या रात्री पुण्यात हडपसरला सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता नमाज आटोपून परतत होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर दाढी. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याला मारून टाकण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. मजकुराला लेखक नव्हता, आणि शेवटी खुनालाही गुन्हेगार उरला नाही.

हे सांगताना अमरावती सांगितली नाही तर ती लबाडी होईल. २१ जून २०२२ ला तिथे एका औषध दुकानदाराचा गळा चिरून खून झाला. त्याने प्रेषितांविषयीच्या वादग्रस्त वक्तव्याचे समर्थन करणारा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला होता, आणि त्याचाच सूड म्हणून हा खून झाल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपी आपल्या समाजातले आहेत. त्यांचे काय करायचे ते न्यायालय ठरवील. पण त्या दिवसांत मुंडके उडवण्याची भाषा करणारी जी घोषणा मोर्च्यांत दिली जात होती, पोरांच्या मोबाइलच्या स्टेटसवर झळकत होती, तीही कर्ता नसलेली आणि हुकूम देणारीच घोषणा होती. तिचे व्याकरण आणि कब्रस्तानच्या भिंतीवरच्या मजकुराचे व्याकरण यांत मला फरक दिसत नाही. किती उलेमांनी आणि किती मुस्लिम मराठी लेखकांनी ती घोषणा मोठ्याने खोडली? काहींनी खोडली, त्यांना सलाम. बाकीच्यांचे मौन आज भिंतीविषयी तक्रार करताना आपल्याच घशात अडकते.

मग करायचे काय? कलम मागायचे नाही आणि गप्पही बसायचे नाही, तर उरते काय? या प्रश्नाचे एक उत्तर मला बर्लिनच्या एका बाईच्या कामात दिसते. इर्मेला मेन्साह-श्राम हे तिचे नाव. जन्म १९४५ चा, व्यवसायाने विशेष गरजा असलेल्या मुलांची शिक्षिका. १९८६ मध्ये घराजवळच्या बस थांब्यावर तिला हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याच्या सुटकेची मागणी करणारा स्टिकर दिसला. सकाळी दिसला, आणि संध्याकाळी परतली तरी तो तिथेच होता. दिवसभर इतकी माणसे तिथे उभी राहिली, कोणाचाच हात वर गेला नाही, याची तिला चीड आली आणि तिने किल्लीने तो खरवडून काढला. तेव्हापासून पुढची कित्येक दशके ती बाई पिशवीत खरवडणी, नेलपॉलिश काढायचे द्रव, रंगाचा डबा आणि कॅमेरा घेऊन जर्मनीभर हिंडत राहिली. आधी फोटो काढायचा, मग मजकूर पुसायचा. लक्षात घ्या, जर्मनीत स्वस्तिकासारख्या नाझी चिन्हांवर फौजदारी कायद्याने बंदी आहे. इतका कडक कायदा असलेल्या देशातही भिंत पुसायला एक शिक्षिका लागली. वर २०१६ मध्ये एका बर्लिनच्या न्यायालयाने तिलाच मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दोषी ठरवले, कारण तिने द्वेषाच्या घोषणेवर गुलाबी रंगाने फेरफार करून ती द्वेषाविरुद्धची घोषणा केली होती. दंड तहकूब ठेवला गेला, एवढीच दया. आमच्या १९९५ च्या कायद्यासारखेच तिथल्या मालमत्तेच्या कायद्यालाही मजकूर वाचता आला नाही.

तिच्या कामातली मला महत्त्वाची वाटते ती वेळ. खटला उभा राहायला वर्षे लागतात. मजकुराचा घाव मात्र रोजच्या येण्या-जाण्यात होतो. शब्द एक रात्र टिकला तर तो एका पोराचा असतो. महिनाभर टिकला की तो नगरपालिकेचा होतो, कारण तिने तो राहू दिला. म्हणून आपली मागणी तुरुंगाआधी चुन्याची असायला हवी. फोटो काढा, पंचनामा त्याच दिवशी करा, आणि दुसऱ्या दिवशी भिंत साफ करा. नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात, पोलीस ठाण्यात हीच मागणी लावून धरा. देवळाच्या भिंतीवर कोणी लिहिले तरी हीच, बुद्धविहाराच्या भिंतीवर लिहिले तरी हीच. या मागणीत कोणाचे पुस्तक जप्त होत नाही, कोणत्याही दलवाईचे तोंड बंद होत नाही.

भिवंडीचा अनुभव याला पूरक आहे. १९७० आणि १९८४ ला होरपळलेल्या त्या गावात १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली सामान्य माणसे, माग चालवणारे, दुकानदार, बीट हवालदारासह एकत्र बसू लागली. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथे नवा कायदा झाला नव्हता. ओळख झाली होती. ओळख असली की 'अज्ञात इसम' फार काळ अज्ञात राहत नाही, आणि त्याच्या बापाला चहाच्या टपरीवर गाठून दोन शब्द सांगता येतात.

आणि आपल्या गल्लीतल्या भिंती? तिथे वेगळ्या फिरक्याच्या मशिदीविषयी, एखाद्या मौलानाविषयी, कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीविषयी जे लिहिलेले असते, त्याच्यासाठी तर पोलीसही लागत नाहीत. अक्षर कोणाचे आहे ते गल्लीला ठाऊक असते. चुना स्वस्त आहे. फक्त डांबराने लिहिलेले असेल तर चुन्याचा एक हात पुरत नाही, आठवड्याभरात ते पिवळे पडून वर येते. आधी पत्र्याने खरवडावे लागते, मग रंगाच्या दुकानातून प्राइमर आणावा लागतो. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि त्यातला एक जण ज्याने लिहिले तोच असेल तर उत्तम.